जुनाट विनोद

क्रॉनिक या शब्दाला मराठीत दोन शब्द आहेत. सरकारी पत्रकात 'दीर्घकालीन' आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर 'जुनाट'. जुनाट खोकला, जुनाट मूळव्याध, जुनाट सांधेदुखी, खात्रीशीर इलाज, दर मंगळवारी भेटा. मला दुसरा शब्द जास्त आवडतो. त्यात सभ्यता नाही, पण चित्र आहे. जुनाट म्हणजे माळ्यावरची ती वस्तू, जिचा उपयोग काही नाही आणि जी टाकताही येत नाही. घर बदललं की ती टेम्पोत बसून आपल्याबरोबर येते.

माझ्याकडे असलेल्या वस्तूचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कण्याच्या आणि कमरेखालच्या सांध्यांवर हल्ला करते, तिथे सूज येते आणि बऱ्याच वर्षांनी, काही जणांत, मणके एकमेकांना जोडले जातात. हा म्हातारपणाचा आजार नाही. तो बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो. पहाटे दुखून जाग येते आणि सकाळी अंग लाकडासारखं ताठ असतं. गंमत म्हणजे आराम केला की तो वाढतो आणि हालचाल केली की कमी होतो. त्यामुळे "थोडी विश्रांती घे" हा जगातला सर्वांत प्रेमळ सल्ला मला लागू पडत नाही. शिवाय नावात 'स्पाँडिलायटिस' असल्यामुळे प्रत्येक नातेवाइकाला तो ओळखीचा वाटतो. कुणाच्या तरी मावसकाकांना मानेचा होता, पट्टा लावून पंधरा दिवसांत गेला. मी मान डोलावते. (तेवढी अजून डोलते.)

एका आजाराचे माझे डॉक्टर मात्र चार. दर तीन महिन्यांनी संधिवाततज्ज्ञ. पाठीच्या दुखण्यासाठी डोळ्यांचे डॉक्टर, कारण याच आजारात डोळ्याच्या आत सूज येऊन उजेड सोसत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडवलं म्हणून पोटाचे. फिजिओ आठवड्यातून दोनदा. त्याशिवाय ईएसआर-सीआरपीसाठी रक्त, अधूनमधून एमआरआय. बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली, कारण ते औषध प्रतिकारशक्तीच दाबतं आणि शरीरात झोपलेला टीबी उठू शकतो. ते इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणून आमच्या फ्लॅटच्या फ्रीजमध्ये ते इडलीच्या पिठाशेजारी असतं. त्या फ्रीजमधली सर्वांत महाग वस्तू तीच, आणि रूममेटने न विचारता न घेतलेलीही तीच एक.

आता हे वाक्य मी का लिहिलं? इंजेक्शनबद्दल सांगून झालं होतं, माहिती पुरी झाली होती. तरी शेवटी एक शेंगदाणा टाकल्याशिवाय मला पुढे जाता आलं नाही. जुनाट आजार असलेल्या बहुतेकांना ही सवय लागते. माझ्याकडे विनोदांचा साठा आहे. आमच्या टीमचा रोज सकाळी दहाला स्टँडअप असतो, आणि सकाळी दहाला स्टँड आणि अप या दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या कराव्या लागतात. आजार फार पुढे गेला की एक्स-रेत कणा बांबूसारखा दिसतो, आणि वैद्यकशास्त्रात त्याला खरोखरच 'बांबू स्पाइन' म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार. "रिपोर्ट काय?" "अजून बांबू लागलेला नाही." हा विनोद मी किती वेळा केला ते मोजलेलं नाही, पण तो कधीच पडत नाही.

प्रश्न असा आहे की हा विनोद नक्की कुणासाठी आहे?

ऑफिसात कुणी तब्येत विचारतं तेव्हा विचारणारा थोडा घाबरलेला असतो. उत्तर लांबलं तर चेहरा कसा ठेवायचा, हे त्याला ठाऊक नसतं. मी बांबूचं वाक्य टाकते, तो हसतो, त्याचे खांदे खाली येतात आणि आम्ही दोघं कामाला लागतो. इथे बरं कुणाला वाटलं? आजार माझा, आणि उपचार झाला त्याच्यावर. पुढच्या वेळी तो इतरांना सांगतो, "इतकं सगळं असून किती हसतमुख आहे ती." ही स्तुती मला टोचते. तिच्या पोटात एक तुलना आहे. कुठेतरी दुसरी एक रुग्ण आहे, जी हसत नाही, कण्हते, अपॉइंटमेंटचा वैताग वैतागासारखा सांगते, आणि ती माझ्याहून कमी दर्जाची ठरली आहे. आपण सहनशक्तीचं कौतुक करतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा कौतुक होतं ते आपल्याला त्रास न दिल्याबद्दल.

समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ साली आजारी माणसाच्या भूमिकेबद्दल एक मांडणी केली. आजारी माणसाला समाज दोन सवलती देतो: कामातून सूट आणि दोषातून सूट. बदल्यात दोन अटी घालतो: बरं व्हायची इच्छा ठेव आणि योग्य डॉक्टरकडे जा. तापाला हा करार छान बसतो. चार दिवस पेज, पाचव्या दिवशी ऑफिस. पण जो बरा होणारच नाही त्याने काय करायचं? त्याची सूट संपते आणि अटी चालूच राहतात. मग तो दुसरं काहीतरी भरतो. माझा अंदाज असा की विनोद हे त्या सवलतीचं भाडं आहे. आज पुन्हा चार वाजता निघायचंय, पुन्हा कुणीतरी माझा कॉल घेणार आहे, तर निदान जाताना हसवून जावं.

हसण्याच्या बाजूने सर्वांत मोठा साक्षीदार माझ्याच आजाराचा आहे. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकन संपादक १९६४ साली सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावरून परतले आणि त्यांचं अंग आखडत गेलं. निदान झालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचं. ते हॉस्पिटल सोडून हॉटेलात राहायला गेले, क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले आणि मार्क्स बंधूंचे सिनेमे पाहिले. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव. १९७६ साली त्यांनी तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिला, १९७९ साली त्याचं पुस्तक झालं. मला निदानानंतरच्या पहिल्या महिन्यात ही गोष्ट तीन वेगवेगळ्या लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली.

एका माणसाच्या अनुभवावरून औषध ठरत नाही, हे सोडून देऊ. मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. कझिन्स प्रेक्षक होते. विनोद करण्याचं काम मार्क्स बंधूंकडे होतं, त्यांच्याकडे नव्हतं. ते हॉटेलच्या खोलीत पडून हसत होते, कुणाला धीर देत नव्हते. आपल्याकडे १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. तिथे आधी विनोद सांगत. थोड्याच दिवसांत ते संपले, आणि मग विनोद काढून टाकून नुसतं हसणं ठेवलं. म्हणजे तिथेही कुणी कुणाला हसवायला बांधील नाही. हसतमुख रुग्णाच्या बाबतीत मात्र आपण उलटं केलं आहे. दुखणंही त्याचंच आणि कार्यक्रमही त्याचाच.

म्हणून काय विनोदच सोडून द्यायचा? तेही मला पटत नाही. फ्रॉइडने १९२७ साली विनोदबुद्धीवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सोमवारी फाशीसाठी नेला जाणारा एक कैदी आहे, जो आठवड्याची सुरुवात बरी झाल्याचा शेरा मारतो. फ्रॉइडच्या मते ही शरणागती नसते, बंड असतं. जग मोठं आणि भयंकर आहे, पण मन मोठ्या माणसासारखं स्वतःच्या पाठीवर हात ठेवून म्हणतं, एवढं काही नाही रे. हे लिहिताना फ्रॉइड स्वतः रुग्ण होता. १९२३ साली त्याला तोंडाचा कर्करोग झाला आणि १९३९ साली मरेपर्यंत त्याच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तो हे अपॉइंटमेंट्सच्या मधल्या वेळात लिहीत होता, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

तरी त्या कैद्यात आणि आमच्यात एक फरक आहे. त्याला तो विनोद एकदाच करायचा आहे. आम्हाला दर सोमवारी फाशीला नेतात, दोर बघून "प्रगती चांगली आहे" म्हणतात आणि तीन महिन्यांनी यायला सांगतात. बंड दर तीन महिन्यांनी करायचं ठरलं की त्याचा सण होतो. पाचव्या वर्षी बांबूचा विनोद करताना मला पहिल्या वर्षाचा मोकळेपणा वाटत नाही. कधीकधी वाटतो. तो वाटतो की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं: त्या क्षणी मी तो विनोद न करता गप्प बसले असते, तर चाललं असतं का? चाललं असतं तर विनोद माझा. नसतं, तर मी नोकरीवर आहे.

डॉक्टरांच्या खोलीत ही गोष्ट केवळ मनाची राहत नाही, तिथे आकडे असतात. या आजारासाठी 'बॅसडाय' नावाची सहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात ती तयार झाली, १९९४ पासून वापरात आहे. थकवा किती, पाठ-मान-कंबर किती दुखते, इतर सांधे किती, दाबल्यावर किती, सकाळचा ताठरपणा किती आणि किती वेळ. प्रत्येकाला शून्य ते दहा. शेवटच्या दोन प्रश्नांची सरासरी काढून ती पहिल्या चारांत मिळवायची आणि पाचाने भागायचं. चार किंवा जास्त आलं तर आजार सक्रिय, औषध बदलायचा विचार सुरू. म्हणजे माझ्या तोंडून निघालेला आकडा हाच इनपुट आहे, आणि त्यावरून हजारो रुपयांचं इंजेक्शन ठरतं.

फिजिओकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका येतात. कसं काय विचारलं की "एकदम फर्स्ट क्लास, टाकी फुल." सगळ्यांशी असंच, डॉक्टरांशीही असंच. त्यांचा आकडा अनेक महिने दोनच्या आसपास होता. एकदा मुलगी बरोबर आली आणि तिने सांगितलं की सकाळी मोजे तिला घालून द्यावे लागतात. काकांना राग आला, आजाराचा नाही, मोज्यांबद्दल सांगितल्याचा. मला ते दोघंही बरोबर वाटले. पस्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला अनोळखी खोलीत आपला दरारा टिकवायचा होता, आणि 'फर्स्ट क्लास' हाच त्याचा युनिफॉर्म होता. पण औषध युनिफॉर्म बघून दिलं जात नाही. शिवाय या आजारात बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, हे वारंवार दिसलं आहे. आपण हसून सांगितलं तर 'टेन्शन घेऊ नका' या खात्यात जमा व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे त्या खोलीत मी विनोद बाहेर ठेवते, चपलांसारखा. फोनमध्ये रोजचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचून दाखवते. नीरस वाटलं तरी चालेल.

माझी आई सांगलीला असते. तिला माझे हे विनोद आवडत नाहीत. सुरुवातीला वाटायचं तिला कळत नाहीत. कळतात. बांबूवर ती म्हणते, "बरं, झालं हसून? आता सांग, रात्री कितीदा उठलीस?" तीनदा. "आणि सकाळी केस स्वतः बांधलेस?" हो. तिने बाथला न जाता दोन प्रश्नांत सगळी प्रश्नावली बसवली आहे. नातेवाईक माझ्या लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती "पाठीचं थोडं आहे" असं म्हणते, बायोडेटात ते लिहायचं की नाही यावर आमचं भांडण झालेलं आहे, आणि "'नोन इश्यूज' असा रकाना टाकू" हे ऐकून ती जराही हसली नव्हती. पण तिच्याशी बोलताना मला भाडं भरावं लागत नाही. ती माझ्या विनोदावर अडत नाही.

राहिली वेटिंग रूम. तिथल्या विनोदांची जात वेगळी. तिथे कुणाला धीर द्यायचा नसतो, कारण सगळेच टोकन घेऊन बसलेले असतात. "डॉक्टर ओटीत आहेत, अर्धा तास लागेल," असं काउंटरवरून आलं की सगळ्यांना त्या अर्ध्या तासाची लांबी माहीत असते. एकीने परवा विचारलं, "तुमचा कितवा?" "एकोणीस." "मग जाऊन लग्न करून या." समजावून सांगावं लागत नाही, कीव येत नाही, आणि न हसणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

गेल्या महिन्यात तिथे एक मुलगी होती, कॉलेजची असेल. बरोबर आई. हातात एचएलए-बी२७चा रिपोर्ट, पॉझिटिव्ह. हा जनुकीय प्रकार असणाऱ्या बहुतेकांना आजार होतच नाही, पण तिची पाठ दुखत होती म्हणूनच ती इथवर आली होती. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला पण हेच का? बरं होतं ना हो हे?"

माझ्याकडे चांगली चार वाक्यं तयार होती. ती सगळी हसवणारी होती, आणि त्यांतल्या कुठल्याही वाक्याने त्या बाईंचे खांदे खाली आले असते. मी म्हटलं, "जात नाही काकू. पण आटोक्यात राहतं. मी स्कूटरवरून आलेय, उद्या ऑफिस आहे." त्या गप्प झाल्या. रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उघडली. बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मलाही तो वेळ भरून काढावासा वाटला नाही.

मग मुलीनेच खालच्या आवाजात विचारलं, "ताई, नेटवर ते बांबू का काय लिहिलंय, ते खरंच असं म्हणतात?"

"खरंच म्हणतात."

"मराठीत सांगायचं कसं हे लोकांना?"

तिची आई "गप गं" म्हणाली, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला होता. तेवढ्यात अकरा नंबर पुकारला आणि त्या दोघी फाइल सावरत आत गेल्या.