ओगराळ्याचा खिळा

भाताच्या गावात तुसाला कोणी विचारत नाही. गिरणीमागे त्याचा ढीग साचतो, कोणी वीटभट्टीला नेतो, कोणी तिथेच पेटवून देतो. पुण्यात इंजिनिअर होऊन कोकणातल्या आपल्या गावी परतलेल्या एका तरुणाला मात्र त्या ढिगात पिण्याचं पाणी दिसलं. पुण्यातल्याच टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधनसंस्थेत तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचं काम झालं होतं. राखेत सिलिका भरपूर आणि तिची छिद्रं इतकी बारीक, की गढूळपणाबरोबर बरेच जंतूही अडकतात. त्यातून आधी ‘सुजल’ हे साधन निघालं आणि २००९ साली राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेलं ‘स्वच्छ’ हजार रुपयांच्या आत बाजारात आलं. वीज नको, नळ नको.

“हजार तरी कशाला? आपण साडेतीनशेत करू,” असं म्हणून तो कामाला लागला.

दोन बादल्या, धुतलेली वाळू, राख, तिला चांदीच्या द्रावणाचा हात आणि सगळ्यांत वर आजीच्या जुन्या लुगड्याची चौपदरी गाळणी. लुगडं गंमत म्हणून घेतलेलं नव्हतं. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत साड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पटकी जवळजवळ निम्म्यावर आली. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण नवी साडी तितकी चालत नाही. धुऊन धुऊन धागे पिंजलेली लागते. हे ऐकून आजी म्हणाली, “म्हणजे मी अजून कामाची आहे म्हणायची!”

मिरगाआधी अकरा घरांत यंत्रं बसली. विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर पडायची, पण झडीच्या दिवसांत पडेलच असं नव्हतं. तपासणीच्या छोट्या बाटल्या त्याने आणल्या होत्या. पाण्यात विष्ठेतले जंतू असले, तर उबेला ठेवलेली बाटली दिवसा-दोन दिवसांत काळी पडते. विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या काळ्या झाल्या, यंत्राच्या तोटीखालच्या तशाच राहिल्या. त्याने लगेच फोटो काढून मित्रांना धाडले. जरा घाईच झाली.

श्रावणात पोरांना जुलाब लागले. अकरांपैकी आठ घरांत! त्याने राखेचा थर वाढवला, खाली कोळसा घातला. किंमत सहाशेवर गेली, पाणी थेंबाथेंबाने पडू लागलं, बायका कुरकुरू लागल्या. जुलाब काही थांबेनात.

शेवटच्या घरी वहिनी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता तिने विचारलं, “भावजी, तुम्ही बाटली कुठून भरता?”

“तोटीतून.”

“आणि पोरं कुठून पितात?”

तो काही बोलला नाही. त्या संध्याकाळी त्याने सगळ्या घरांतल्या बाटल्या पुन्हा भरल्या, या वेळी हंड्यांतून आणि माठांतून. आठ काळ्या पडल्या. यंत्रातून निघालेलं पाणी हंड्यात ओतलं जाई आणि चिखलात खेळून आलेलं पोर बोटांसकट फुलपात्र त्यात बुडवी. वहिनीच्या माठातली बाटली तशीच राहिली होती. तिच्या माठावर झाकण होतं आणि शेजारच्या भिंतीला लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं होतं.

ओगराळं बाकीच्यांकडे नव्हतं असं नाही. विचारलं की “आहे की!” म्हणत बाई मांडणीतली भांडी सरकवायला लागायची. तोवर पोर पाणी पिऊन अंगणात पळालेलं असायचं.

कोळशाचा थर त्याने काढून टाकला. यंत्र पुन्हा साडेतीनशेत बसलं. आता नव्या घरी जाताना त्याच्या पिशवीत हातोडी असते. आधी तो माठाशेजारी, घरातल्या धाकट्या पोराचा हात पोचेल इतक्याच उंचीवर, एक खिळा ठोकतो. यंत्र मग उघडतो.