सैनिकाचा चेहरा आणि पाहण्याची नैतिकता

सैनिकाच्या छायाचित्रासंदर्भात 'रूढ प्रतिमा' ही संज्ञा आपण सामान्यतः वीराच्या प्रतिमेपुरती वापरतो. परंतु करुणेची प्रतिमाही तितकीच रूढ आहे. एकीत सैनिक राष्ट्राचे चिन्ह होतो, दुसरीत युद्धविरोधाचे. दोन्हींत तो स्वतः अनुपस्थितच असतो. तेव्हा साचा मोडू पाहणारी कलाकृती त्याला उपस्थित करते की केवळ साचा बदलते, हा खरा प्रश्न आहे.

अहमदनगर येथील (आजच्या अहिल्यानगरमधील) रणगाडा संग्रहालयाकडे या दृष्टीने पाहता येईल. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने ते १९९४ मध्ये उभारले. तेथे पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. अशा रणगाड्यात माणसे बसत : प्रमुख, तोफची, गोळे भरणारा आणि चालक. त्यासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्याच्या चौकटीत यंत्र असते, विजय असतो. ती माणसे नसतात. माणूस वगळल्यामुळेच हे चित्र इतके निर्वेध ठरते.

सुझान ऑप्टन या अमेरिकी छायाचित्रकर्तीची 'सोल्जर' ही मालिका (२००४-०५) नेमकी उलट दिशेने जाते. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना त्यांनी डोके आडवे टेकवायला सांगितले. शस्त्र नाही, आवेश नाही, केवळ चेहरा. शीर्षकात आडनाव आणि रणभूमीवर काढलेले दिवस. २००८ मध्ये ही चित्रे जाहिरातफलकांवर आणली गेली तेव्हा सैनिक मृत भासतात, असा आक्षेप आला. आक्षेप विचारार्ह आहे. पण तो आपल्यावरच उलटतो. हौतात्म्याच्या गौरवात जिवंत सैनिकाला आपण आधीच मृत कल्पिलेले नसते काय?

तरीही शंका उरते. डोके टेकवणे हेही दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच घडले. आज्ञापालन ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याच्या संमतीचे मोल ठरवणे सोपे नाही. या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही. शीर्षक मात्र एक दिशा दाखवते. प्रतिमेची अनेकार्थता शब्द नांगरून ठेवतात, असे बार्थने १९६४ मध्ये मांडले. येथे दिवसांचा आकडा अर्थाला नांगरतो, पण बंदिस्त करीत नाही. त्या दिवसांत काय घडले ते तो सांगत नाही, आणि आपल्याला परस्पर ठरवूही देत नाही.

साचा मोडणे म्हणजे नवा अर्थ लादणे नव्हे; दुसऱ्याच्या अनुभवाची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवणे होय. पॅटनमधली माणसे शत्रुपक्षाची होती, एवढ्याने ही जबाबदारी टळत नाही. उलट, तिची कसोटी तेथेच लागते.