एका झडपेची किंमत



मागच्या महिन्यात आपल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे एक अर्ज आला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची बारा वर्षांची मुलगी. हृदयाची झडप बदलायची आहे. खर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. मग एक सभासद म्हणाले, "फादर, एवढ्या पैशांत किती मुलांना पेनिसिलिन देता येईल?"

प्रश्न निर्दयपणाचा नव्हता. हा आजार घसा दुखण्यापासून सुरू होतो. दाटीच्या वस्तीत संसर्ग पसरतो, औषध मिळत नाही, संधिवाताचा ताप येतो आणि पुढे झडपा खराब होतात. वेळीच स्वस्तातले पेनिसिलिन मिळाले असते, तर ऑपरेशनची पाळीच आली नसती. २००७ साली एका इटालियन संस्थेने सुदानमध्ये खार्टूमजवळ मोफत हृदयशस्त्रक्रियेचे रुग्णालय उघडले, तेव्हाही असेच विचारणारे होते.

पण ऑपरेशन नाकारून वाचलेला पैसा खरोखर पेनिसिलिनकडे जातो का? आमच्या पाहण्यात तरी नाही. तो दुसरीकडेच जातो. (आपल्या फेस्ताच्या रोषणाईचा खर्च आठवावा.)

पोप बारावे पायस यांनी १९५७ साली सांगितले, की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा सोपे वाटले होते. आता कोडे पडते. मुंबईच्या सुखवस्तू घरात जे ऑपरेशन साधारण, तेच भट्टीवरच्या मुलीसाठी असाधारण कसे? फरक उपायात नाही, खिशात आहे. आणि खिशातला फरक कमी करता येतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने आपल्याच देशात झडप बनवली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, ती परदेशी झडप परवडत नव्हती म्हणूनच.

म्हणून आम्ही होकाराच्या बाजूचे आहोत. मात्र धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रक्ताची तपासणी वरचेवर, आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, तेही वर्षानुवर्षे. म्हणजे ते स्वस्त इंजेक्शन इथेही सुटत नाही! ही काळजी घेणारे कुणी नसेल, तर ऑपरेशन करून आपण फक्त आपले समाधान विकत घेतले असे होईल.

तपासणीच्या दिवशी आईची मजुरी बुडेल. ती भरून द्यायला एक कुटुंब पुढे आले आहे. पण पावसाळ्यात भट्टी बंद झाली की ही माणसे जव्हारकडे आपल्या गावी जातात. तिथे इंजेक्शन कोण देणार, याची चौकशी अजून चालू आहे.