अनाम रुग्णासाठीचे दान

महाराष्ट्रात हृदयरोगासाठी जे दान होते, ते बहुतेक वेळा एखाद्या नावाला आणि चेहऱ्याला होते. कोणाच्या बायपासचा खर्च, कोणाच्या बाळाच्या हृदयातील छिद्राची शस्त्रक्रिया, वृत्तपत्रातील मदतीचे आवाहन, सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडे किंवा मुख्यमंत्री सहायता निधीकडे केलेला अर्ज ही या दानाची परिचित रूपे आहेत. आणि २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या व पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या सरकारी योजनेचीही रचना अशीच आहे, की मदत मिळण्यासाठी रुग्ण आधी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. जो माणूस त्या दारापर्यंत पोहोचतच नाही, ज्याचे हृदय रेल्वेच्या फलाटावर, कारखान्याच्या आवारात किंवा मासळीच्या बाजारात एकाएकी बंद पडते, त्याच्यासाठी अर्ज करायला कोणी नसते, कारण तो कोसळेपर्यंत रुग्ण कोण हे कोणालाच, खुद्द त्यालाही, ठाऊक नसते. सार्वजनिक ठिकाणी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विद्युत आघाताने सावरणारे यंत्र, ठेवणे म्हणजे या अनाम रुग्णासाठी आगाऊ केलेले दान होय, आणि ते आपल्याकडे का रुजलेले नाही हा प्रश्न यंत्राच्या किमतीपेक्षा दानाच्या रीतीशी अधिक निगडित आहे.

या विषयात एक गल्लत नेहमी होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबणे. अशा वेळी छातीत कळ येते, घाम फुटतो, पुष्कळ जण ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन पडून राहतात, पण माणूस शुद्धीवर असतो आणि हृदय चालू असते. हृदय बंद पडणे ही वेगळी घटना असून तीत पुष्कळदा हृदयाची विद्युत लय बिघडते, खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि मेंदूकडे जाणारे रक्त काही सेकंदांत थांबते. या थरथरीला वैद्यकात व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. झटक्याची परिणती अशा लयबिघाडात होऊ शकते. तोच लयबिघाड विजेच्या धक्क्यानेही होऊ शकतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे छातीवरून नेमका विद्युत आघात देऊन ती थरथर थांबवणे आणि हृदयाला स्वतःची लय पुन्हा धरू देणे. त्याला होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. मधल्या काळात कोणी छाती दाबत राहिले, तर ही घट निम्म्यावर येते.

हे ज्ञान कोठून आले हे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावे असे आहे. विजेने हृदयाची थरथर सुरूही करता येते आणि थांबवताही येते, हे जिनिव्हातील प्रेव्हो आणि बातेली यांनी १८९९मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. परंतु त्या निरीक्षणाला उपचाराचे रूप देण्याची निकड निर्माण झाली ती अमेरिकेतील वीज कंपन्यांचे तारजोडणी कामगार धक्का बसून मरू लागले तेव्हा. वीज उद्योगाच्या पैशावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कूवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने संशोधन चालवले आणि त्याच प्रयोगशाळेतून १९६०मध्ये नुसत्या हातांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत पुढे आली. क्लिव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी १९४७मध्ये शस्त्रक्रियेत उघड्या केलेल्या हृदयाला विजेचा आघात देऊन एका मुलाला वाचवले, १९५६मध्ये पॉल झॉल यांनी छाती न उघडता तो देता येतो हे सिद्ध केले, आणि बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५च्या सुमारास मोटारीच्या बॅटरीवर चालणारे अवजड यंत्र रुग्णवाहिकेत चढवले. उद्योगाने स्वतःच्या कामगारांच्या जिवासाठी खर्च केला आणि त्याचे फळ साऱ्या जगाला मिळाले, असा हा इतिहास आहे. त्यात परोपकार कमी आणि हिशेब अधिक होता, तरीही फळ कमी गोड ठरले नाही.

आज एईडी, म्हणजे स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर, या नावाने जे यंत्र मिळते त्याला डॉक्टर लागत नाही. दोन चिकटपट्ट्या, ज्यांना पॅड म्हणतात, चित्रात दाखवल्याप्रमाणे उघड्या व कोरड्या छातीवर लावल्या की यंत्र स्वतः लय तपासते, गरज असेल तरच आघाताची परवानगी देते आणि पुढे काय करायचे ते मोठ्याने सांगते. चालू हृदयाला चुकून आघात बसेल ही भीती म्हणूनच निराधार आहे. आणि पूर्णपणे निश्चल झालेल्या हृदयावर या यंत्राचा काही उपयोग नाही हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतील जुगारगृहांच्या सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवून केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला आघात मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक रुग्णालयातून जिवंत घरी गेले. तीन मिनिटे उलटल्यावर हे प्रमाण ४९ टक्के होते. जपानमध्ये राजपुत्र ताकामादो यांचा २००२मध्ये खेळताना याच कारणाने मृत्यू झाला, आणि जुलै २००४पासून तेथील सामान्य नागरिकांना हे यंत्र वापरण्याची मुभा मिळाली. आता तेथे ते स्थानके, शाळा आणि दुकानांत सर्रास दिसते.

हे आकडे घेऊन पालघर जिल्ह्यातील दातिवरे या किनाऱ्यावरच्या गावाकडे यावे, तर चित्र गुंतागुंतीचे होते. वैतरणा नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे उत्तर काठावर दातिवरे आणि दक्षिणेला अर्नाळा अशी रचना आहे. पलीकडचे विरार डोळ्यांना जवळ असले, तरी रस्त्याने जाणाऱ्याला आधी सफाळे गाठावे लागते आणि खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. मारंबळपाडा ते जलसार ही रो-रो सेवा २०२५मध्ये सुरू झाल्याने हा वळसा काहीसा सुसह्य झाला आहे, मात्र बोटीच्या वेळापत्रकावर बंद पडलेले हृदय थांबत नाही. राज्याची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक स्वरूपाच्या होत्या. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सेवेने असंख्य बाळंतिणी आणि अपघातग्रस्त वाचवले यात शंका नाही. पण सफाळ्याहून किनाऱ्यावरच्या गावापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांत कापता येत नाही, आणि सात-आठ मिनिटांनंतर, मधल्या काळात कोणी छातीही दाबली नसेल तर, फारसे काही उरत नाही. या प्रश्नात रुग्णवाहिकेला दोष देण्यात अर्थ नाही. पहिली दहा मिनिटे गावाचीच असतात.

यावरून ‘दातिवऱ्याला तातडीने यंत्र द्या’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तेथेच सावध राहायला हवे. अमेरिका व कॅनडात सुमारे १९ हजार स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन केलेल्या आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जेथे छाती दाबण्याच्या प्रशिक्षणाबरोबर यंत्रही होते तेथे ३० जण वाचले आणि जेथे फक्त प्रशिक्षण होते तेथे १५. पण या वाचलेल्यांपैकी निवासी संकुलांतील माणसे अवघी दोन होती. घराघरांत यंत्र ठेवून पाहिलेल्या २००८च्या दुसऱ्या चाचणीत तर जास्तीचा लाभ दिसलाच नाही. हृदय बंद पडण्याच्या बहुतांश घटना घरात घडतात, रात्री घडतात, पुष्कळदा कोणी पाहत नसताना घडतात. काही हजार वस्तीच्या गावात यंत्र वर्षानुवर्षे पेटीतच राहण्याची शक्यता मोठी आहे. उलट बोईसर आणि पालघर स्थानकांवर, जेथे डहाणू-विरार लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांतून रोज हजारो लोक धावत-पळत चढउतार करतात, किंवा तारापूर औद्योगिक वसाहतीत, जेथे रसायनांचे, उष्णतेचे आणि विजेचे काम एकत्र चालते, तेथे तेच यंत्र कितीतरी अधिक वेळा उपयोगी पडेल. मुंबई उपनगरी मार्गावरील स्थानकांवर उच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आले. यंत्राची पहिली जागा अशाच गर्दीच्या ठिकाणी आहे. गर्दीला यंत्र आधी आणि दुर्गम गावाला प्रशिक्षण आधी, असा क्रम लावणे दातिवऱ्यावर अन्याय करणारे वाटेल, पण दुसरा कोणताही क्रम दिखाऊ ठरेल.

प्रशिक्षण म्हटले की महागडे वर्ग डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत सुचवली गेली, तीत तोंडाने श्वास देणे नाही, फक्त छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहणे आहे. ही पद्धत एका दुपारी शिकता येते. तथापि किनाऱ्यावरच्या गावासाठी तीत एक मोठी दुरुस्ती हवी, आणि ती सुचवायला शहरी प्रशिक्षक विसरतात. बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायू संपल्याने बंद पडते, म्हणून त्याला श्वास देणे अत्यावश्यक असते. केवळ छाती दाबून तो सहसा वाचत नाही. जेथे मांगेला, वैती आणि इतर मच्छीमार कुटुंबांतील माणसे होडीवर जातात आणि पर्यटक भरतीचा अंदाज नसताना पाण्यात उतरतात, तेथे श्वास देण्यासह संपूर्ण पद्धतच शिकवली पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. १९४८च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे रुग्णवाहिका कक्ष आवश्यक ठरवला. हा कायदा झाला त्याच्या आदल्याच वर्षी बेक यांचा प्रयोग यशस्वी झाला होता, त्यामुळे त्या पेटीत डिफिब्रिलेटर नसणे समजण्यासारखे होते. पाऊणशे वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी पेटीची कल्पना मलमपट्टीच्या पुढे गेलेली नाही, याला तसे समर्थन नाही. दुसरीकडे, २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आरोग्य हा त्यातील मान्य विषय आहे आणि आपल्या परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षाही कायद्यातच आहे. लाखाच्या घरातले एक यंत्र ही या रकमेपुढे किरकोळ बाब ठरते. फीत कापता येते, फलक लावता येतो, छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येते.

अडचण त्यानंतर सुरू होते. पॅडवरील जेल काही वर्षांत वाळतो, बॅटरी साधारण चार-पाच वर्षांत संपते, खाऱ्या हवेत पेटीचे बिजागर गंजतात आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली यंत्र ठेवले तर त्याचे आयुष्य आणखी घटते. कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून कमाल तीन वर्षे धरलेली आहे, म्हणजे बॅटरी बदलण्याची वेळ येते तेव्हाच देणगीदाराची वही बंद झालेली असते. बॅटरीवर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून बॅटरीला देणगीदार मिळत नाही. मृत बॅटरीचे यंत्र हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या शोधात छाती दाबण्याची मिनिटे जातात.

अनाम माणसासाठी दान करणे मराठी समाजाला परके आहे असे मात्र म्हणता येणार नाही. रक्तदान हे नेमके तेच आहे. गणेशोत्सवात, शिवजयंतीला, नेत्यांच्या वाढदिवशी मंडळे शिबिरे भरवतात आणि रक्त कोणाला जाणार हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. ते दान वाया जात नाही याचे श्रेय दात्याच्या उत्साहाइतकेच रक्तपेढीला आहे, जी प्रत्येक पिशवीवर तारीख लिहिते, साठा मोजते आणि मुदत संपण्याआधी तो योग्य जागी पोहोचवते. डिफिब्रिलेटरसाठी अशी पेढी नाही. कोणत्या गावात, कोणत्या भिंतीवर, कोणत्या मुदतीची बॅटरी असलेले यंत्र आहे याची जिल्हापातळीवरची नोंद आणि ती १०८च्या नियंत्रण कक्षाला दिसण्याची सोय झाली, तर दूरध्वनीवरचा माणूस घाबरलेल्या नातेवाइकाला यंत्र कोठे आहे ते सांगू शकेल. ब्रिटनमध्ये हृदयरोगासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेने रुग्णवाहिका सेवांबरोबर अशीच राष्ट्रीय नोंदवही उभारली आहे. पालघरमध्ये हे काम मच्छीमार सहकारी संस्थांना अवघड नाही. बर्फ, डिझेल आणि सभासदांचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या संस्थेला एका बॅटरीची तारीख सांभाळता येईल. यंत्र पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा बर्फ कारखान्यासारख्या पहाटेपासून जाग असलेल्या जागी ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

कायद्याची भीती हा शेवटचा अडसर. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीतील कलम १३४-अ मदतगाराला संरक्षण देते, पण फक्त रस्ते अपघातात. फलाटावर कोसळलेल्याला मदत करणारा त्यात बसत नाही. संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०मध्ये आहेच, तरीही पोलिसी चौकशीच्या धास्तीने मागे सरणाऱ्या माणसाला संहितेतील सर्वसाधारण अपवाद पुरेसा धीर देत नाही. रस्त्यावरच्या मदतगाराला जे स्पष्ट संरक्षण मिळाले, ते हृदय बंद पडलेल्याच्या मदतगारालाही मिळायला हवे, आणि ती मागणी हृदयरोगाच्या क्षेत्रातील संस्थांनीच लावून धरली पाहिजे.

२६ जानेवारीला ग्रामसभा भरते. दातिवऱ्यासह सफाळे-केळवे पट्ट्यातील गावांनी त्या सभेत तीन गोष्टींचा ठराव करावा: गावातील किती जणांना छाती दाबण्याचे व श्वास देण्याचे शिक्षण कोण देणार, यंत्र मिळाल्यास ते सर्वांसाठी खुल्या अशा कोणत्या जागी राहणार, आणि त्याच्या बॅटरी-पॅडसाठी दरवर्षी किती रक्कम कोणाच्या नावे बाजूला पडणार. आणि दिवाळीत हृदयरोगासाठी काही देऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी यंत्र देण्याआधी तिसऱ्या मुद्द्यातील ही रक्कम द्यावी.