कुरणातली शाळा

गुरं राखणारं पोर शाळेत येत नाही, तर दोष कुणाचा? पोराचा म्हणायची आपली रीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती मोडली. १९४५ साली बोर्डीत त्यांचं काम सुरू झालं, पुढं कोसबाडला गेलं. तिथली आदिवासी पोरं गुरांमागं रानात असायची. मग शाळाच रानात नेली. तिचं नाव कुरणशाळा. पानं, बिया, खडे हेच शिकवायचं सामान.

चार भिंतींत ‘ढ’ ठरलेलं पोर रानात जाणतं होतं. कोणत्या पाल्यानं गुराचं पोट फुगतं, हे त्याला ठाऊक असतं, मास्तराला नसतं. तिथं मास्तरानं विचारावं, पोरानं सांगावं. एवढा मान मिळाला, तर गुरं राखल्याची लाज कशाला वाटेल?

पण रानाचं कौतुक करत पोराला रानातच ठेवणं, हाही अन्यायच. आभाळ बघून पावसाचा अंदाज रान शिकवील, सावकाराचा कागद वाचायला नाही शिकवणार. अंगठा कशावर उठवतोय, हे कळायला अक्षरच लागतं. म्हणून झाडाखाली बसणाऱ्या मास्तरानं पोराकडनं रान शिकावं अन् त्याला अक्षर द्यावं. यातलं एक जरी राहिलं, तरी शाळा अर्धीच.