मांजराच्या दुधातलं पाणी

काटकसर आणि कंजूषपणा यांच्यात फरक काय, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी चटकन उत्तर दिलं असतं. आपण करतो ती काटकसर, शेजारी करतो तो कंजूषपणा. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक मांजर आलं आणि हे सोपं उत्तर हातातून निसटलं.

तसं आमचं घराणंच काटकसरीचं. आई दोडक्याची भाजी करायची तेव्हा शिरा कधी टाकायची नाही. तीळ-खोबऱ्याबरोबर खमंग परतून ती त्यांची चटणी करी, आणि ताटात भाजी मागे राहून चटणी आधी संपे. चादर विरली की तिचे अभ्रे व्हायचे, अभ्रे विरले की फडकी आणि फडकी विरली की पोतेरं. गीतेतला आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो म्हणतात. आमच्या घरात वस्त्रंच जुना जन्म टाकून नवा घेत.

निवृत्त झाल्यावर हे खातं मी माझ्याकडे घेतलं. संपलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला ओली असतानाच चिकटवायची. टूथपेस्टची नळी आधी लाटण्याने लाटायची, मग कात्रीने कापायची. आत चार दिवसांचा ऐवज निघतो. एक शेगडी पेटलेली असली तर दुसरीला नवी काडी ओढायची नाही, जळकी काडीच पहिलीवर धरायची. हे शोध मी जेवताना जाहीर करत असे. ही म्हणायची, "अहो, ऑफिसात एवढं डोकं चालवलं असतंत तर साहेब होऊन निवृत्त झाला असतात."

अशात ते मांजर आलं. भर पावसात जिन्याखाली बसलं होतं. ही म्हणाली, "दोन दिवस राहू दे, पाऊस उघडला की जाईल." म्हणून आम्ही तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं. पाऊस उघडला, दसरा झाला, दिवाळी झाली. नाव तेवढं पाहुणी राहिलं.

पाहुणीला सकाळी एक वाटी दूध मिळू लागलं. आठवडाभर मी ती वाटी बघत होतो. मग एके सकाळी मी अर्धी वाटी दूध आणि दुधाची पिशवी विसळलेलं अर्धी वाटी पाणी असं मिश्रण तिच्यापुढे ठेवलं. तिने चाटूनपुसून संपवलं, मिशा साफ केल्या आणि माझ्या पायाला अंग घासून गेली. मी हिशेब केला. रोज अर्धी वाटी म्हणजे साधारण पंचाहत्तर मिलिलिटर, महिन्याला सव्वादोन लिटर! हा शोध मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितला.

"अहो, मुक्या जनावराला फसवता?" ही म्हणाली.

मी तिला इतिहास सांगितला. मुंबईत दुधाची टंचाई होती तेव्हा दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून 'टोन्ड दूध' काढलं. तेवढ्याच म्हशींचं दूध जास्त घरांत पोचलं. त्याच खुरोडींना 1963 साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "गवळ्याने पाणी घातलं की भेसळ आणि खुरोडींनी घातलं की पुरस्कार. तेव्हा पाणी घालणं हा काही मुळात गुन्हा नाही," मी समारोप केला.

"त्यांनी टोन्ड आहे असं सांगून विकलं," ही शांतपणे म्हणाली. "तुम्ही वाटीवर काय लिहिलंत?"

"पाहुणीला कुठे वाचता येतं?"

"म्हणूनच तर म्हणते."

या 'म्हणूनच तर'वर मला उत्तर सुचलं नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 साली एका पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार लहान पोरालाही मोठ्या गिऱ्हाइकाच्याच भावाने माल देतो. कांट विचारतो, हे तो प्रामाणिक आहे म्हणून करतो, की त्यात धंद्याचा फायदा आहे म्हणून? म्हणजे सरळ वागणाऱ्याचासुद्धा हेतू तो तपासून घेतो. मी तर पोराला वजनात मारणारा दुकानदार! माझं प्रकरण त्याने तपासायलाच घेतलं नसतं.

पण एक शोध यशस्वी झाला की माणूस दुसऱ्याकडे वळतो. आमच्याकडे दहा वाजता मावशी भांड्यांना येतात. अकरा वर्षं येताहेत. त्यांचा चहा मी करतो. माझ्या लक्षात आलं, की सकाळी उकळलेल्या चहाच्या चोथ्यात अजून पुष्कळ जीव असतो. त्यातच आधण घातलं, आल्याचा तुकडा ठेचून टाकला आणि दूध दाखवल्यासारखं केलं की रंग अगदी चहासारखा येतो. मावशी आठ दिवस तो चहा मुकाट्याने प्यायल्या. हा शोध मात्र मी जेवताना जाहीर केला नाही. का केला नाही, हे मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं.

नवव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "काका, मला चहा टाकू नका. पित्त होतंय हल्ली."

दुसऱ्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन जिना उतरत होतो. खालच्या मजल्यावरच्या उघड्या दारातून आवाज आला, "मावशी, चहा घेणार?" आणि आमच्या मावशी म्हणाल्या, "द्या की वहिनी, सकाळपासून घोटभर नाही मिळाला."

मी तसाच पायरीवर उभा राहिलो. मांजराला कळलं नव्हतं म्हणून ते बोललं नाही. मावशींना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि तरी त्या बोलल्या नाहीत. वर पित्ताचं निमित्त काढून त्यांनी माझीच लाज राखली. मी वाचवलेले चिमूटभर चहाचे पैसे त्यांनी असे फेडून घेतले.

त्याच सुमाराला पाहुणीचं पोट बिघडलं. पशुवैद्य म्हणाले, "दूध देता? बंद करा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. प्यायला साधं पाणी ठेवा." मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. म्हणजे मी पाणी घालत होतो ते तिच्या भल्याचंच होतं!

घरी येताना रिक्षात हिने एवढंच विचारलं, "तुम्हाला ते आधी माहीत होतं?"

माहीत नव्हतं. पाहुणीचं भलं झालं ते माझ्या नशिबाने, माझ्या हातून नव्हे. आणि मावशींच्या चहाच्या बाबतीत मला सोडवायला तर कुठलाच डॉक्टर येणार नव्हता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आई आठवली. अवेळी चार पाहुणे आले की तीही आमटीत पाणी वाढवायची. पण पातेल्यातल्या सगळ्या आमटीत वाढवायची. बाबांच्या वाटीत पातळ, आमच्या वाटीत पातळ, पाहुण्यांच्या वाटीत पातळ आणि मागच्या दारी जेवायला बसलेल्या गड्याच्या वाटीतही तीच. दोडक्याच्या शिरांची चटणीही तशीच. ती सगळ्यांना वाढून उरली तरच स्वतः घ्यायची. कमी पडणं हा तिचा दोष नव्हता आणि ते तिने कुणापासून लपवलंही नाही. मी मात्र कमी पडत नसताना पाणी घातलं, तेही जे बोलणार नाहीत अशांच्या वाट्यात. फरक एवढाच, पण तो कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी नवी पावडर घालून एकाच भांड्यात तीन कप चहा टाकला. नेमकं दूध कमी होतं. क्षणभर हात थांबला. मग सगळ्याच चहात थोडं पाणी वाढवलं. मावशींना म्हटलं, "घ्या, आज आमच्याबरोबरच घ्या. एकाच भांड्यातला आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, आमच्या कपांकडे पाहिलं आणि कप उचलला. पित्ताचं नाव काढलं नाही. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "काका, पाणी जास्त झालंय हो तुमच्या चहात."

अकरा वर्षांतली ही त्यांची पहिली तक्रार. मी खूश होऊन त्यांना आणखी अर्धा कप ओतला.