मोटारीची वंशावळ आणि मालकीचा प्रश्न

एखादी वस्तू आपण रास्त किंमत मोजून, कोणाचीही फसवणूक न करता विकत घेतली, आणि ती मुळात दुसऱ्याच्या घरातून चोरीस गेलेली होती असे काही वर्षांनी निष्पन्न झाले, तर ती वस्तू कोणाची? प्रश्न वरवर सोपा दिसतो. चोराचा त्या वस्तूवर हक्क नाही, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु चोर बहुधा केव्हाच नाहीसा झालेला असतो. समोरासमोर उभे राहतात ते दोन निरपराध: एक, ज्याचे चोरीला गेले तो, दुसरा, ज्याने आपल्या घामाचा पैसा देऊन ते घेतले तो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते आणि वस्तू मात्र एकच असते.

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे जुन्या, दुर्मिळ मोटारींच्या आधारे करणार आहोत. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना हा दाखला काहीसा चमत्कारिक वाटेल. ज्या मोटारी कोट्यवधी रुपयांना विकल्या जातात त्यांच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की, चोरीचे सोने आटवले म्हणजे त्याची ओळख बुजते, चोरीचे धान्य दळले म्हणजे पीठ होते, पण मोटारीच्या लोखंडावर क्रमांक ठोकलेला असतो आणि तो बहुधा टिकतो. त्यामुळे एरवी अंधारात राहणारा मालकीचा प्रवास येथे डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या उंची मोटारी आजच्यासारख्या एका छपराखाली तयार होत नसत. कारखाना इंजिन आणि चाके बसवलेला सांगाडा, म्हणजे चॅसिस, तयार करी. त्यावर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे साज चढवण्याचे काम दुसरेच कारागीर करीत. पुढे एखाद्या मालकाने जुना साज उतरवून नवा चढवला, इंजिन बदलले, रंग तर कितीदा तरी बदलला. तेव्हा ही तीच गाडी, असे कशावरून म्हणायचे? संशोधकांचा भर असतो तो चॅसिसच्या क्रमांकावर. त्या क्रमांकावरून कारखान्याच्या नोंदवहीपर्यंत जाता येते. इंग्लंडमध्ये रोल्स रॉइस मोटारींच्या चाहत्यांच्या संघाने कंपनीची जुनी चॅसिस-पत्रके आजही जपून ठेवली आहेत. गाडी कोणासाठी बनवली, कोणता साज चढला, हे त्यांवरून कळते. त्यानंतर नोंदणी कार्यालयांची दप्तरे, विम्याचे कागद, शर्यतींची छायाचित्रे, वारसांच्या पेटीत सापडलेली बिले. असे करीत करीत पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी जोडायची असते. आपल्याकडे शेतजमिनीचे फेरफार जुन्या दप्तरांत शोधताना हाच खटाटोप करावा लागतो, हे वसईच्या शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. फेरफार शोधणाऱ्याला जे ठाऊक असते ते मोटारीचा शोध घेणाऱ्यालाही ठाऊक असते: नावामागून नावे सरळ लागत गेली की काम वेगाने होते, आणि मग कोठेतरी आठ-दहा वर्षांची एक पोकळी येते. त्या वर्षांत वस्तू कोणाकडे होती, कशी गेली, याची नोंद नसते. खरी गोष्ट बहुधा त्या पोकळीत दडलेली असते.

अशाच एका गाडीची हकीकत पाहू. १९३० च्या दशकात पॅरिसजवळच्या सुरेन येथील टॅल्बो-लागो कारखान्याने टी १५० सी एसएस नावाचे चॅसिस तयार केले, आणि फिगोनी ए फालाची या पॅरिसच्या कारागिरांनी त्यांतील काहींवर थेंबाच्या आकाराचा साज चढवला. अशा गाड्या दीड डझनाच्या आतच झाल्या असतील. त्यांतील एक २०२२ साली अमेरिकेतील लिलावात १ कोटी ३४ लाख डॉलरांना गेली, यावरून त्यांच्या मोलाची कल्पना यावी. आमची हकीकत मात्र दुसऱ्या एका गाडीची आहे. १९३८ सालची ती गाडी अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या एका कारखानदाराकडे १९६७ पासून होती. त्याने ती दुरुस्तीसाठी सुटी केली, पण पुन्हा जोडणे काही त्याच्याकडून झाले नाही. कारखान्याच्या इमारतीत तिचे भाग वर्षानुवर्षे पडून राहिले. २००१ च्या मार्च महिन्यात चोरांनी टेलिफोनच्या तारा कापल्या आणि ती सुटी गाडी उचलून नेली. मालकाने पोलिसांत तक्रार नोंदवली. गाडी सापडली नाही. २००५ साली तो वारला आणि त्याचा हक्क त्याच्या एका भावबंदाकडे आला.

मध्यंतरी ती गाडी युरोपात गेली, जोडली गेली, पूर्वीच्या वैभवाने झळकू लागली. २०१५ साली एका अमेरिकन खरेदीदाराच्या कंपनीने ती सुमारे ७० लाख डॉलर देऊन घेतली. २०१६ साली इलिनॉय राज्यात तिच्या नोंदणीसाठी अर्ज गेला, आणि चोरीच्या वाहनांच्या यादीत तिचा क्रमांक जुळला. पोलिसांनी मिलवॉकीला कळवले, तेथून ते वारसाला कळले. वारसाने गाडी मागितली. खरेदीदाराने नकार दिला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. गाडीचा पत्ता लागला तो खरेदीदाराने सरकारदरबारी रीतसर नोंदणी करायला घेतली म्हणून. त्याने ती एखाद्या खासगी संग्रहात झाकून ठेवली असती, तर आणखी वीस वर्षे कोणाला सुगावा लागला नसता. जो उघड वागला तो अडकला. नियतीचा हा व्यवहार न्याय्य आहे काय, असे त्या खरेदीदाराच्या मनात आले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

खटल्यात त्याच्या बाजूने मुख्य मुद्दा मांडला गेला तो मुदतीचा. विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा वस्तूसाठी दावा सहा वर्षांत करावा लागतो, आणि चोरी तर २००१ ची. खालच्या न्यायालयाने हे मान्य करून दावा काढून टाकला. वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वरच्या न्यायालयाचे म्हणणे उचलून धरले: चोराने वस्तू नेली हा एक अन्याय, आणि पुढच्या माणसाने मागणी आल्यावर ती द्यायला नकार दिला हा त्याहून निराळा अन्याय; दुसऱ्याची मुदत नकाराच्या दिवसापासून मोजायची. गाडी कोणाची, हे न्यायालयाने या निकालात ठरवले नाही. वारसाला दार ठोठावण्याचा अधिकार उरला आहे, एवढेच त्याने सांगितले.

मुदतीचा कायदा आपल्याला पुष्कळदा चोराला सोयीचा वाटतो. परंतु त्यामागे काही विचार आहे. भांडणांना कधीतरी अंत हवा. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, आणि कोणालाही आपल्या घरातील वस्तूविषयी कायमचे धास्तावून जगता येत नाही. हा अंत कोठे मानावा, याविषयी देशादेशांत एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सद्‌भावनेने घेणाऱ्याकडून चोरीची साधी जंगम वस्तू परत मागायला मालकाला पाच वर्षे मिळतात, फ्रान्समध्ये तीन. इंग्लंडात चोराविरुद्ध मुदतीचे घड्याळ चालत नाही, पण वस्तू सद्‌भावी खरेदीदाराच्या हाती पडली की सहा वर्षांचे घड्याळ सुरू होते. आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तीन वर्षे आहेत, मात्र ती मोजायची वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळते तेव्हापासून. आमच्या मते यात शहाणपण आहे, कारण ज्याला पत्ताच ठाऊक नाही त्याने आळस केला असे म्हणता येत नाही. तरीही एकच गाडी एक सरहद्द ओलांडली की एकाची आणि दुसरी ओलांडली की दुसऱ्याची, ही स्थिती मनाला पटत नाही. सदसद्विवेकबुद्धीला सरहद्दी ठाऊक नसतात.

या ठिकाणी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केलेला एक भेद उपयोगी पडतो. वस्तू परत करण्याचे कर्तव्य माणसावर दोन निरनिराळ्या कारणांनी येते, असे ते मांडतात. एक कारण त्याच्या कृतीत असते: त्याने ती अन्यायाने घेतली. दुसरे कारण खुद्द त्या वस्तूत असते: ती दुसऱ्याची आहे आणि त्याच्यापाशी आहे. निरपराध खरेदीदाराला पहिले कारण लागू होत नाही. त्याच्याकडून कोणतेही पाप घडलेले नाही, त्याला शिक्षा नको, दंड नको. दुसरे कारण मात्र लागू होते, आणि सत्य कळल्या क्षणापासून लागू होते. ‘मी काय गुन्हा केला?’ हा त्याचा प्रश्न खरा आहे, पण त्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तरी वस्तूचा प्रश्न सुटत नाही. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली ती स्वतः कोणाला लुबाडले असल्यास. खरेदीदाराकडे चौपटीची अपेक्षा कोणी करीत नाही.

यावर दोन आक्षेप निघतात. पहिला असा की, जुन्या मालकाने गाडी तीस-चाळीस वर्षे सुटी करून ठेवली होती. जे वैभव आज दिसते ते इतरांच्या पैशाने आणि कारागिरांच्या हातांनी आले. मग जो मोडकी गाडी गमावून बसला त्याच्या वारसाला सजवलेली गाडी का मिळावी? आक्षेपात वजन आहे. जुन्या नीतिशास्त्रकारांनीही सद्‌भावनेने वस्तू बाळगणाऱ्याला तिच्यावर केलेला आवश्यक आणि उपयुक्त खर्च वळता करून घेण्याची मुभा दिली होती. पण खर्चाची भरपाई मागणे वेगळे आणि मालकी मागणे वेगळे. ज्याने पडीक वाडीला कुंपण घातले, विहीर खणली, त्याला त्या श्रमाचे मोल मिळावे. वाडी मिळावी असे त्यातून निघत नाही. आणि माणसाने आपली वस्तू वापरली नाही म्हणून ती कोणीही उचलावी, हे तत्त्व मान्य केले, तर मुंबईला नोकरीस गेलेल्या किती जणांची गावची घरे उरतील?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. इतक्या मागे जाऊन वस्तूची कुळकथा शोधण्याचे बंधन सामान्य खरेदीदारावर का असावे? बाजारातून भाजी घेताना आपण मळ्याचा सातबारा मागत नाही. हे खरे. परंतु दुर्मिळ मोटारींच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. या गाडीला ७० लाख डॉलर मिळतात ते लोखंडाचे आणि चामड्याचे नव्हेत. हुबेहूब तसाच आकार आजही घडवता येईल, पण त्याला कोणी ती किंमत देणार नाही. किंमत असते ती इतिहासाची: तोच क्रमांक, तेच कारागीर, शर्यतीत तीच चाके. लिलावाच्या पुस्तिकेत पहिल्या मालकाचे नाव ठळक छापतात, त्याचे छायाचित्र देतात, आणि प्रत्येक नावागणिक आकडा चढत जातो. ज्याने इतिहासासाठीच पैसे मोजले, त्याला त्या इतिहासाची उजळ पाने तेवढी ठेवून डागाळलेले पान फाडता येणार नाही. भाजी घेणारा आणि हा खरेदीदार यांत हा फरक आहे, आणि म्हणून चौकशीचे बंधनही कमीअधिक आहे. पोकळी दिसूनही ज्याने ‘असेल काहीतरी’ म्हणून डोळेझाक केली, त्याचे अज्ञान आम्हांला निखळ निष्पाप वाटत नाही.

मात्र इतिहास सदैव इतका सरळ नसतो, हे दाखवणारे आणखी एक उदाहरण आहे. १९३५ सालची मर्सिडीझ ५०० के जातीची एक देखणी उघडी गाडी जर्मनीतील हान्स प्रिम या कारखानदाराची होती. दाबाची बटणे बनवणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातील हा गृहस्थ. युद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांनी ती नेली, असे त्या घराण्याचे म्हणणे. पुढे ती अमेरिकेतील संग्रहात राहिली, २०११ साली कॅलिफोर्नियात ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली, आणि २०१२ साली जर्मनीतील एसेन शहराच्या प्रदर्शनात मांडली असता तेथेच जप्त झाली. जर्मन कायद्यात चोरीस गेलेली वस्तू कितीही सद्‌भावनेने घेतली तरी त्या खरेदीने मालकी मिळत नाही. न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला.

हा निकाल वाचून मन पुरते स्वस्थ होत नाही. ज्या राष्ट्रात त्याच दशकात यहुदी कुटुंबांची घरेदारे, चित्रे, दुकाने आणि मोटारी हिसकावल्या गेल्या, त्या राष्ट्रातील एका श्रीमंताची मोटार पासष्टहून अधिक वर्षांनी परत येते, आणि हिसकावलेल्या कित्येक वस्तूंना मागायला वारसच उरले नाहीत, हे शल्य आहे. तरीही विजेत्या सैन्याला पराजितांच्या घरातील वस्तू उचलण्याचा हक्क असतो, असे म्हणावयास आम्ही तयार नाही. एका मोठ्या अन्यायाच्या सावलीत घडलेला लहान अन्याय हाही अन्यायच, आणि एकाला परत मिळाले ही दुसऱ्याला न देण्याची सबब होऊ शकत नाही.

आपल्या वाट्याला अशा मोटारी येत नाहीत. येतात त्या मित्राच्या ओळखीने मिळणाऱ्या स्वस्त मोटारसायकली. आर. सी. बुक ‘नंतर देतो’ म्हणून राहिलेले, किंवा त्यावरचे नाव विकणाऱ्याचे नसून भलत्याचेच. किंमत निम्मी का, हे विचारायला जीभ रेटत नाही, कारण उत्तर आले तर सौदा सोडावा लागेल. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून आर.टी.ओ.त नाव चढवून घ्यायचा कंटाळा असतो. गाडी दारात उभी राहते, मुले तिच्यावर बसून प्रार्थनेला येतात.

मग निरपराध खरेदीदाराने आपले पैसे कोणाकडे मागावेत? आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात सामान्यतः हे गृहीत धरले आहे की, विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता. तो नव्हता असे ठरले, तर खरेदीदार आपल्या विक्रेत्याकडे परत जाऊ शकतो, तो विक्रेता त्याच्या विक्रेत्याकडे, आणि असे करीत जी साखळी संशोधकाने मोठ्या कष्टाने जोडली तिच्यावरूनच उलट चालत चोराच्या दारापर्यंत जाता येते. कागदावर हे व्यवस्थित दिसते. प्रत्यक्षात मधला कोणी वारलेला असतो, कोणाचे दिवाळे निघालेले असते, कोणी पावतीच दिलेली नसते. साखळी जेथे तुटते तेथल्या माणसाला तोटा सोसावा लागतो, आणि वस्तू तर त्याने परत केलेलीच असते.